संरक्षणाचं बजेट वाढतंय, मग फॅक्टरीच्या गेटसमोरचा गल्ला का आटतोय?

उधारीवही (प्रश्न):

नमस्कार मंडळी. सल्ला कर्जाबद्दल हवाय, पण मुळाशी संरक्षण खातं आहे म्हणून या विभागात टाकतोय. देशभक्तीचे मेसेज कृपया नकोत, ते आमच्या गल्लीच्या ग्रुपवर सकाळी सहापासून येतातच.

गाव विदर्भातलं. दारूगोळ्याची सरकारी फॅक्टरी आहे. नाव लिहीत नाही, कारण गिऱ्हाइकांच्या हातातही मोबाइल आहेत. मेन गेटपासून चालत पाच मिनिटांवर आमचं किराणा-जनरल. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेपासून लांब जागा म्हणून विदर्भात या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे केरळ, बंगाल, यूपी, आंध्र, सगळीकडची माणसं आली. बाबा दुकानात मल्याळी घरांसाठी उकडा तांदूळ ठेवायचे, बंगाल्यांसाठी मोहरीचं तेल, आणि प्रत्येकाच्या भाषेत उधारी मागण्यापुरती दोन वाक्यं त्यांना यायची.

आमच्या बाजारात पावसापेक्षा मोठी बातमी एकच असते : 'किती तास चालू आहे?' बाहेरच्यांसाठी सांगतो. फॅक्टरीची आठवड्याची नेहमीची ड्युटी पावणेपंचेचाळीस तासांची. काम जास्त असलं की ४८, आणखी असलं की ५४, कधी ६० सुद्धा. ४८ च्या वरच्या तासांना दुप्पट दर. ५४ लागल्याची कुणकुण आली की बाबा नागपूरच्या इतवारीतून काजू-बदाम जादा मागवायचे, शेजारचा कापडवाला साड्यांचा गठ्ठा फोडायचा आणि सोनार दुकानाला रंग काढायचा. ओटी (ओव्हरटाइम) बंद झाली की सगळ्यात आधी बिस्किटांचे महागडे पुडे फळीवर राहायचे. दसऱ्याच्या आधीचा बोनस वेगळा. आमचं आर्थिक वर्ष दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत.

आता काय होतंय ते बघा. टीव्हीवर दरवर्षी ऐकतो की संरक्षणाचं बजेट विक्रमी. २०२४-२५ ला ६ लाख २२ हजार कोटींच्या आसपास, २०२५-२६ ला ६ लाख ८१ हजार कोटी. आकडा वाढतोय आणि माझी वही बारीक होतेय. महिन्याची यादी देणारी घरं (पाच किलो साखर, पंधरा किलोचा तेलाचा डबा वगैरे) एकेक करून रिटायर झाली. त्यातले निम्मे तरी नागपूरला पोरांकडे गेले. त्यांच्या जागी जी पोरं आली ती 'टेन्युअर'वाली. डेंजर बिल्डिंग वर्कर, डीबीडब्ल्यू, म्हणजे स्फोटकांच्या शेडमध्ये काम करणारे. १९,९०० बेसिक, वर महागाई भत्ता, करार एका वर्षाचा, वाढवून वाढवून चार वर्षांपर्यंत. पोरं चांगली आहेत. उधारी बुडवत नाहीत, कारण उधारी करतच नाहीत. चौघं मिळून खोली घेतात आणि रोज संध्याकाळी अर्धा लिटर दूध, सहा अंडी, मॅगी. यादी नाही. लग्नं लांबलेली, त्यामुळे फ्रिज नाही, मिक्सर नाही, बारशाचं सामान नाही.

इस्टेटमधली, म्हणजे फॅक्टरीच्या वसाहतीतली, जुनी क्वार्टर्स बघवत नाहीत. एकेका ओळीत दोन घरांत दिवा, बाकी ठिकाणी पिंपळाची रोपं भिंतीतून बाहेर.

तर प्रश्न. शेजारचा गाळा विकायला निघालाय. घेतला तर दोन्ही जोडून सेल्फ सर्व्हिसचं दुकान करता येईल. कर्ज साधारण २२ लाखांचं, बँक द्यायला तयार आहे (बँकेचं काय जातंय). बाबा म्हणतात, घे, दारूगोळ्याची फॅक्टरी कधी बंद होत नसते. साडू पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, या फॅक्टऱ्या म्हणजे करदात्यांच्या पैशाची नासाडी, सगळ्या खासगी करून टाकायला पाहिजेत, तू त्या नासाडीवर दुकान थाटू नकोस. त्याचं बोलणं लागलं. पण खोटंही वाटलं नाही, कारण नासाडी मी गेटवर उभा राहून पाहिलेली आहे.

१. २०२१ ला या फॅक्टऱ्यांच्या सरकारी कंपन्या झाल्यापासून नक्की बदललं काय? आत काम केलेल्यांनी सांगा.
२. बजेट वाढतंय तर तो पैसा जातो कुठे?
३. २२ लाख घालू का?

चार्जमन निवृत्त :

उधारीवही, तुमची पोस्ट वाचून आमचे किराणावाले आठवले. मी दोन फॅक्टऱ्यांत मिळून नोकरीचं आयुष्य काढलं, भरणी विभागात. नावं मीही लिहीत नाही. क्रमाने सांगत नाही, जसं सुचेल तसं लिहितो.

साडूंचं अर्धं खरं आहे. आमचा हिशेब असा होता : मालाला जो खर्च येईल तो, त्यावर ओव्हरहेड, आणि ती किंमत सैन्याच्या बजेटमधून वळती. ना नफा ना तोटा. ऐकायला सात्त्विक वाटतं. पण याचा अर्थ असा की काम वेळेत झालं काय, लॉट रिजेक्ट होऊन पुन्हा केला काय, कुणाच्याच खिशाला चाट नाही. उलट लॉट पुन्हा करायला ओटी लागायची. म्हणजे आमच्या चुकीवर तुमचे काजू विकले जायचे, हे लिहिताना हसू येतंय पण तसंच होतं.

दुसरं म्हणजे साखळी. तोफेचा एक गोळा एका ठिकाणी बनत नाही. अंबाझरीला रिकामं कवच, भंडाऱ्याला प्रोपेलंट (गोळा फेकणारी पावडर), चांद्याला भरणी, भुसावळला पेट्या. एका फॅक्टरीने दुसरीकडे मागणी नोंदवायची, त्याला इंटर फॅक्टरी डिमांड म्हणतात, आमच्या तोंडी आयएफडी. प्रत्येक टप्प्याला त्या त्या फॅक्टरीचा ओव्हरहेड चढणार. त्यात बंगल्यांची देखभाल, क्लब, माळी, दवाखाना, शाळा सगळं आलं. आणि एका ठिकाणी फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग) अडला की पुढच्या शेडमधली माणसं हात बांधून. सहा महिने निवांत, जानेवारी ते मार्च धावपळ. ३१ मार्चला तर चमत्कार व्हायचा. माल शेडमध्येच, पण कागदावर सैन्याला दिलेला. ॲडव्हान्स इश्यू व्हाउचर. या प्रकारावर कॅगनेही शेरे मारलेत, त्यामुळे मी काही गुपित फोडत नाही.

मग हे सुधारायला कोणी सांगितलं नव्हतं का? टीकेए नायर समिती २००० ची. विजय केळकरांची समिती त्यानंतर, २००५ च्या सुमाराची, तिने तर सरळ महामंडळ करा म्हटलं. पुढे रमण पुरी समिती, शेकटकर समिती. प्रत्येक वेळी युनियनने गेट मीटिंग घेतली. लाल, भगवा, तिरंगी, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तिन्ही झेंडे त्या दिवशी एका ट्रकवर. प्रत्येक वेळी मंत्र्यांनी आश्वासन दिलं की सध्या विचार नाही. मीही त्या ट्रकसमोर घोषणा दिल्यात आणि आज विचाराल तरी देईन, कारण समितीच्या अहवालात गाव नावाचं परिशिष्ट नसतं.

१ ऑक्टोबर २०२१ ला मात्र झालं. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त, ४१ फॅक्टऱ्या सात कंपन्यांत वाटल्या. दारूगोळ्याच्या बहुतेक म्युनिशन्स इंडियाकडे, मुख्यालय पुण्यात. अंबाझरी, भुसावळ, अंबरनाथ यंत्र इंडियाकडे, मुख्यालय नागपूर. त्याआधी जून-जुलैमध्ये संपबंदीचा अध्यादेश आणि मग कायदा आणला, म्हणून या वेळी ट्रक निघाला नाही. सत्तर हजारांच्या वर माणसं एका सकाळी कंपनीत गेली, पण केंद्र सरकारचे कर्मचारी राहूनच, डीम्ड डेप्युटेशनवर, म्हणजे कागदोपत्री तात्पुरते पाठवलेले. त्या डेप्युटेशनला मुदतवाढ मिळत आलेली आहे.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. कंपन्या उभ्या राहाव्यात म्हणून जुन्या सगळ्या मागण्या, सुमारे ७० हजार कोटींच्या, कंत्राटं समजून त्यांना दिल्या आणि वर आगाऊ रक्कमही दिली. पहिल्या सहा महिन्यांत सातपैकी सहांनी नफा दाखवला, यंत्र इंडिया तेवढी राहिली. पेपरात आलं, बघा, सुधारणा झाली! पण ताट वाढून दिलं होतं. ते संपल्यावर प्रत्येक ऑर्डर टेंडरमध्ये लढून आणायची, आणि समोर खासगीवाले. दारूगोळ्याला सध्या जगात मागणी आहे, बाहेरच्या ऑर्डरही येतात, त्यामुळे तुमची फॅक्टरी बंद पडेल असं मला वाटत नाही. बाबांचं तेवढं बरोबर.

फक्त फॅक्टरी चालू राहणं आणि तुमचं दुकान चालणं या दोन गोष्टी आता वेगळ्या झाल्यात. पूर्वी काम वाढलं की कायम माणूस वाढायचा, नाहीतर ओटी. आता काम वाढलं तर टेन्युअरवाला वाढतो आणि काम संपलं की तो घरी जातो. कंपनीच्या ताळेबंदात ही काटकसर. तुमच्या वहीत तोच पैसा गायब. गाव कधी दारूगोळ्यावर जगत नव्हतं हो. गाव जगत होतं साठाव्या वर्षापर्यंतच्या नोकरीवर आणि त्यानंतरच्या पेन्शनवर. त्याच भरवशावर बँक घराला कर्ज द्यायची आणि सोनार गंठण उधार द्यायचा.

आणि एक. त्या पोरांच्या पगाराबद्दल लिहिलंत, कामाबद्दलही लिहायला हवं. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याला जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला, किमान आठ जण गेले. डेंजर बिल्डिंग हे काही शोभेचं नाव नाही. जुना माणूस बाजूला उभा राहून शिकवायचा, पावडरचा रंग आणि वास ओळखायला वर्षं लागतात. चार वर्षांत शिकून होतं न होतं तोवर पोरगा बाहेर. याचा खर्च कुठल्याच आकड्यात दिसत नाही. साडूंना नासाडी मोजायची असेल तर हीही मोजायला सांगा.

गनर साताऱ्याचा :

चार्जमनसाहेब, मान ठेवून लिहितो. तुमचा लॉट रिजेक्ट झाला तर तुम्हाला ओटी मिळायची. जो लॉट रिजेक्ट व्हायला हवा होता आणि झाला नाही, तो आमच्याकडे यायचा.

मी तोफखान्यात हवालदार होतो. पेटी उघडली की आधी लॉट नंबर वाचायचा, ही आम्हा सगळ्यांची सवय. काही लॉटचं नाव ऐकलं की डिटॅचमेंट कमांडर (तोफेवरच्या तुकडीचा प्रमुख) माणसं जरा मागे घ्यायचा. कुठल्या फॅक्टरीचे ते सोडा. पण २०२० मध्ये सैन्याचा एक अंतर्गत अहवाल पेपरात आला होता, त्यातले आकडे माझ्याकडे लिहून ठेवलेत. एप्रिल २०१४ ते एप्रिल २०१९ मध्ये आयुष्य संपण्याआधीच निकामी ठरवलेला दारूगोळा ६५८ कोटींचा. त्याशिवाय पुलगावच्या सैन्याच्या दारूगोळा भांडारातल्या २०१६ च्या आगीनंतर महाराष्ट्रात नष्ट केलेल्या सुरुंगांचे ३०३ कोटी. बेरीज ९६० च्या आसपास. अहवालातच म्हटलं होतं की एवढ्या पैशात १५५ मिलिमीटरच्या शंभर तोफा आल्या असत्या. आणि सदोष दारूगोळ्याच्या अपघातांत २७ जवान गेले, १५९ जखमी. बोर्डाने हे मान्य केलं नाही, साठवण आणि तोफेची देखभाल यांच्याकडे बोट दाखवलं. असेलही थोडं. पण सगळं?

पुलगावची ती आग ३१ मे २०१६ ची, पहाटेची. अधिकारी, जवान आणि बरेचसे अग्निशमन दलाचे लोक गेले.

आता गंमत बघा. २०१७ च्या कॅगच्या अहवालात होतं की १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकार युद्धाचे दहा दिवस पुरतील इतकेही नव्हते. म्हणजे एकीकडे शेडमध्ये माणसं हात बांधून, दुसरीकडे गोदामात माल नाही, तिसरीकडे जो आहे त्यातला काही फोडून टाकायचा. त्यामुळे उधारीवही, राग मानू नका, पण तुमच्या काजू-बदामासाठी मला सदोष फ्यूज नको आहे.

हां, पण साडूलाही एक सांगा. बजेट कुठे जातं विचारलंत ना? २०२५-२६ च्या ६ लाख ८१ हजार कोटींपैकी १ लाख ६० हजार कोटींवर निव्वळ पेन्शन आहे. त्यातली एक माझी. सातारा जिल्ह्यात या, एकेका गावात पहिल्या महायुद्धापासूनच्या पेन्शनी आहेत. आमच्या गावचं सोसायटीचं दूध संकलन, सिमेंटचं दुकान, पोरींची नर्सिंग कॉलेजची फी, सगळं त्या पैशातून उभं राहिलंय. कुणी त्याला नासाडी म्हटलं तर मी भांडायला उठतो, त्यामुळे तुम्हाला साडूचं बोलणं लागलं हे समजू शकतो.

पण इथेही तेच येतंय. २०२२ पासून अग्निवीर. चार वर्षं, शंभरातले पंचवीस पर्यंत ठेवणार, बाकीच्यांना एकरकमी ११ लाख ७० हजारांच्या आसपास देऊन परत, पेन्शन नाही. माझा पुतण्या त्यात आहे. आमच्या गावच्या बाजारपेठेला अजून कळलेलं नाही, कारण जुन्या पेन्शनी चालू आहेत. आणखी वीस वर्षांनी मोजा.

पिंपरीकर :

दोघांच्या मध्ये पडतो. बिनवापराचा खर्च सरकारला बंद करताच येत नाही असं नाही. आमच्या पिंपरीचा मिलिटरी डेअरी फार्म आठवतोय का? इंग्रजांनी पहिला फार्म १८८९ ला अलाहाबादला काढला, गोऱ्या पलटणींना ताजं दूध मिळावं म्हणून. गावोगावी दूध संघ झाले, पॅकेटचं दूध आलं, तरी सैन्य स्वतःच्या गायी पाळत राहिलं. शेकटकर समितीने सांगितलं, बंद करा. ३१ मार्च २०२१ ला उरलेले सगळे बंद, गायी नाममात्र दरात सरकारी विभागांना आणि दूध संघांना. कुठे रास्ता रोको झाल्याचं तुम्ही ऐकलंत? मी नाही. त्या फार्मवर कुठलं गाव टांगलेलं नव्हतं.

कपड्यांचंही तसंच. २०१७ मध्ये २७५ वस्तू 'नॉन कोअर' ठरवल्या, म्हणजे सैन्य त्या बाहेरूनही घेऊ शकतं. जवानाला गणवेशासाठी तेव्हा वर्षाला १०,००० भत्ता ठरला, कापड बाजारातून घ्या. त्याचा फटका मुख्यतः कानपूर, शहाजहानपूरला, म्हणून आपल्याकडे चर्चा झाली नाही. दारूगोळा मात्र किराणा दुकानात मिळत नाही, त्यामुळे विदर्भ वाचला. एवढाच फरक.

ओहायोचा वऱ्हाडी :

मूळ अकोल्याचा, कोलंबसला असतो. इथून दीड-दोन तासांवर लिमा नावाचं गाव आहे, तिथे एब्रम्स रणगाडे बनतात. दुसऱ्या महायुद्धातला कारखाना, मालकी सरकारची, चालवते खासगी कंपनी. २०१२ मध्ये इथल्या सैन्याचे प्रमुख जनरल ओडिएर्नो यांनी संसदेत सांगितलं की आम्हाला सध्या जादा रणगाडे नकोत, काही वर्षं लाइन थांबवू. संसदेने ऐकलं नाही, दोन्ही पक्षांनी मिळून पैसे मंजूर केले. एरवी सरकारी खर्च कापा म्हणून घसा कोरडा करणारे खासदारही त्यात होते.

कारण लिमा. आणि लिमाला सुटे भाग पुरवणारे इतर राज्यांतले शेकडो वर्कशॉप, प्रत्येक कुणा ना कुणाच्या मतदारसंघात. बाजू घ्यायची तर असंही म्हणता येतं की लाइन बंद केली असती तर वेल्डर पांगले असते, आणि २०२२ मध्ये पोलंडने रणगाडे मागितले तेव्हा बनवले कुणी असते? तेव्हा नको असलेला कारखाना दहा वर्षांनी हवा झाला. हे आधी कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे दोन्ही बाजू मागाहून 'बघा, मी म्हणत होतो' म्हणतात.

लिमाच्या बाजारपेठेतून मी जातो. खूप काही भरभराट दिसली नाही. कारखाना शाबूत, गाव ओसरलेलं. उधारीवही, हे मात्र लक्षात घ्या.

बाजारगाव रोड :

बजेट जातं कुठे याचं एक उत्तर आमच्या नागपूर-अमरावती रस्त्यावर आहे. खरेदीच्या बजेटचा मोठा भाग, ७५ टक्के, देशी उद्योगांसाठी राखून ठेवतात, त्यात खासगीचाही वाटा. बाजारगावच्या बाजूला स्फोटकांचे खासगी कारखाने आहेत. कामगार कंत्राटी, आसपासच्या खेड्यांतले, बसने येतात आणि बसने जातात. गेटसमोर चहाची टपरी आणि पंक्चरवाला, बस्स. इस्टेट नाही, शाळा नाही, क्वार्टर नाही. कारखान्याला गाव वसवावं लागतं ही कल्पनाच संपली.

आणि खालच्या टोकाला काय आहे तेही लिहितो. पुलगावजवळ जुना, निकामी दारूगोळा फोडायचं मैदान आहे, सोनेगाव आबाजीच्या बाजूला. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथे पेट्या उतरवताना स्फोट झाला, सहा जण गेले, बहुतेक ठेकेदाराने आणलेले मजूर. त्या भागात लोक फुटलेल्या गोळ्यांचं तांबं-पितळ वेचतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वर कोटींची नासाडी मोजली जाते, आणि तीच नासाडी फोडायची मजुरी मिळावी म्हणून खाली रांग असते. साडूंनी एकदा वर्ध्याला येऊन बघावं.

चार्जमन निवृत्त :

गनरसाहेब, लॉट नंबरचं मान्य. वाद घालत नाही. आमच्या शेडमध्ये तपासणीवाला वेगळ्या खात्याचा असायचा आणि मार्च महिन्यात त्याच्याकडे सगळे चहा घेऊन जायचे, यापुढे काही लिहीत नाही.

उधारीवही, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. मी देतो, पैसे माझे नाहीत म्हणून बिनधास्त देतो. गाळा विकत घेऊ नका. कर्ज पंधरा वर्षांचं असेल, आणि तुमच्या गिऱ्हाइकाचा करार एका वर्षाचा. वहीतल्या पेन्शनरांची नावं काढा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा : वय काय, आणि पोरं गावात आहेत की नागपूर-पुण्याला. मग अजून नोकरीत असलेल्यांत १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेले किती ते काढा. त्यांना जुनी पेन्शन आहे, ते अजून काही वर्षं यादी देतील. नंतर लागलेल्यांना एनपीएस (पगारातून कापून बाजारात गुंतवलेली पेन्शन), आता काहींनी युपीएस (सरकारची नवी पेन्शन योजना) घेतलं असेल, पण हातात येणारा पैसा जुन्यासारखा नाही. ही तीन खान्यांची यादी केली की बँकेच्या मॅनेजरपेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

आणि त्या चौघा पोरांना गिऱ्हाईक म्हणून कमी समजू नका. त्यांना यादी नको, स्वयंपाक हवाय. ड्युटी सुटल्यावर दमून आलेला पोरगा मॅगी खातो ते आवडीने नाही.

उधारीवही :

सगळ्यांचे आभार. गनरसाहेब, राग नाही. काजू मी साताऱ्याच्या लग्नांनाही विकायला तयार आहे.

यादी केली. बाबांना शेजारी बसवून केली, कारण कोण केव्हा लागला हे त्यांना तोंडपाठ. २००४ च्या आधी लागलेले बरेच निघाले, पण पुढच्या पाच-सात वर्षांत त्यातले बहुतेक बाहेर पडतात. पेन्शनरांत ज्यांची पोरं गावात आहेत ती घरं हाताच्या बोटांवर. बाबा यादी पाहून म्हणाले, "यातला मेनन तर गेला," आणि पेन्सिलने रेघ मारली. फॅक्टरी बंद होत नाही यावर ते अजून ठाम आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण चार्जमनसाहेबांनीही तेच लिहिलंय.

साडूला या धाग्याची लिंक पाठवली. त्याचं उत्तर आलं की तो ज्या प्रोजेक्टवर आहे त्याचं गिऱ्हाईक अमेरिकेतली संरक्षण कंपनी आहे, तेव्हा तूर्त तो गप्प बसतो.

गाळा विकत घेत नाही. मालक ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने द्यायला तयार झालाय, त्यालाही दुसरं गिऱ्हाईक नाही. बायको आणि वहिनी मिळून मेस चालवायला तयार आहेत. सकाळचा डबा साडेसहाच्या आत, संध्याकाळी बसून जेवण, महिन्याचे पैसे आगाऊ. पंचवीस पोरांनी नावं दिलीत, त्यातल्या काहींचा करार संपत आलाय, त्यामुळे वीस धरतोय.

आता ज्यांनी मेस चालवली आहे त्यांच्यासाठी प्रश्न : किराण्याची एफएसएसएआय नोंदणी आहेच, त्यातच मेस जोडता येते की वेगळा अर्ज करावा लागतो? आणि घरगुती सिलेंडर वापरू नये हे माहीत आहे, पण वीस-पंचवीस माणसांना १९ किलोची व्यावसायिक टाकी साधारण किती दिवस पुरते? दोन वेळचं, पोळी-भाजी-वरण-भात धरून.